कॅसेट भरून आणली होती

माळ्यावरून खोकं खाली उतरवलं तेव्हा त्याच्या झाकणावर आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मुलींची गाणी. वर ठेवणे.’

कोथरूडमधली आईची सोसायटी पुनर्विकासाला गेली. चार महिन्यांत घर रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून गेल्या जूनपासून मी आणि ताई दर शनिवारी तिथं जाऊन एकेक कपाट हातावेगळं करत होतो. खोक्यात ४१ कॅसेट निघाल्या. प्रत्येक कॅसेट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, वरून रबरबँड. रबरं केव्हाच वितळून पिशव्यांना चिकटली होती, पण आत पाण्याचा थेंब गेला नव्हता.

आई अशी का वागते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. ती नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि नदी पेठांमध्ये शिरली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आजोबांकडे फोनो होता आणि लाखेच्या तबकड्यांची एक लाकडी पेटी. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर कृष्णराव. पाणी ओसरल्यावर पेटी सापडली ती गाळानं भरलेली. आजोबांनी एकेक तबकडी पाण्याखाली धरून मऊ फडक्यानं पुसली, सावलीत वाळवली. पण लेबलं धुऊन गेली होती, कुठली तबकडी कुणाची ते कळत नव्हतं, आणि ज्या वाजल्या त्यांतून गाळाची खरखरच जास्त ऐकू आली. आजोबांनी पुन्हा तबकड्या घेतल्या नाहीत. तेव्हापासून आईचा नियम झाला : जे पुन्हा मिळणार नाही ते वर ठेवायचं. आमच्या पत्रिका, बाबांची नोकरीची कागदपत्रं आणि या कॅसेट, तिन्ही गोष्टी एकाच माळ्यावर होत्या.

ताई म्हणाली, “टाकायच्या तर नाहीतच. पण वाजवणार कशावर?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे पाच महिने गेले.

हल्लीच्या मुलांना ‘कॅसेट भरून आणणं’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. दुकानात तयार कॅसेट मिळायच्या, पण त्यात एका किंवा दोन सिनेमांची गाणी. त्यातली आपल्याला दोनच आवडलेली असायची. आपल्याला हवी तीच गाणी, हव्या त्याच क्रमानं हवी असतील तर कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन एका विशिष्ट प्रकारच्या दुकानात जायचं. लक्ष्मी रोडच्या एका आडगल्लीत असं एक दुकान होतं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. मागच्या भिंतीवर तबकड्या उभ्या लावलेल्या, समोर दोन डेक, आणि स्टुलावर बसलेले काका. काका यादी वाचायचे, काही गाण्यांवर खूण करायचे आणि एका लांब वहीत प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं लिहून बेरीज करायचे. एका बाजूला तीस मिनिटं. सात गाणी सहज बसायची, आठवं कधी बसायचं, कधी नाही.

“पावणेतीन मिनिटं उरतात,” काका म्हणायचे. “अजून एक सांगा.”

“पण ते पुरं नाही बसणार ना, काका?”

“जेवढं बसेल तेवढं. पैसे दिलेत तर टेप कोरी कशाला सोडायची?”

म्हणून आमच्या जवळजवळ प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं मध्येच तुटलेलं आहे. कायद्यानं हा सगळा व्यवहार चुकीचा होता हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की कोरी कॅसेट आणि भरणावळ मिळून तीस रुपये होतात, ते दोघींनी मिळून साठवायला तीन महिने लागतात, आणि चार दिवसांनी ती छोटी चौकोनी डबी हातात आली की घरी पोहोचेपर्यंत दम निघत नाही. शाळेतून परस्पर दुकानात जायचं आणि शनिपारावरून धावत वाड्यात.

आमचा वाडा सदाशिव पेठेत. दोन चौक, अकरा बिऱ्हाडं, मागच्या चौकात सगळ्यांचा एक नळ. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि रोज सायकलनं जायचे. १९८० च्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा त्यांनी टू-इन-वन आणला, रेडिओ आणि कॅसेट एकाच यंत्रात. आईच्या मनात शिवणयंत्र होतं, पण ती काही बोलली नाही, आणि संध्याकाळी त्या टू-इन-वनला हळदकुंकू तिनंच वाहिलं. महंमद रफींना जाऊन तेव्हा तीन-सव्वातीन महिने झाले होते. ३१ जुलैला ते गेले त्या दिवसांत बाबा जेवताना बोलायचे नाहीत. म्हणून आमची भरून आणलेली पहिली कॅसेट सगळी रफींची आहे. यादी बाबांची. पुठ्ठ्यावर त्यांनी लाल बॉलपेननं ‘क्र. १’ लिहून खाली रेघ मारली आहे. कारखान्यातल्या नोंदवहीत मारत असतील तशी, पट्टी लावून.

टू-इन-वन येण्याआधी आमचं गाणं वहीत असायचं. वाड्यातल्या आम्ही चौघी, सगळ्या एकाच शाळेतल्या, सहावी ते आठवीतल्या. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची. जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या काकूंचा रेडिओ शॉर्टवेव्ह चांगला पकडायचा, म्हणून त्यांच्या उंबऱ्यात आम्ही वह्या घेऊन बसायचो. गाणं एकदाच वाजणार, तेही आवाज लाटेसारखा मागेपुढे होत. एकटीला लिहून घेणं शक्यच नव्हतं. आम्ही ओळी वाटून घेतल्या होत्या. पहिली ओळ मी, दुसरी शेजारची, तिसरी ताई, चौथी चौकातली, पाचवी पुन्हा मी. आपली ओळ लिहीत असताना पुढच्या तीन ओळींकडे कान द्यायचा नाही, हे जमायला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून चार वह्यांमधून एक गाणं जुळवायचं. उर्दू शब्द कळायचे नाहीत, ते जसे ऐकू आले तसे लिहिलेले. थिएटरबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या, त्यात आमचे शब्द तपासता आले असते. पण एकदा तपासले आणि आमचेच शब्द बरे वाटले, म्हणून पुन्हा तपासले नाहीत. ती वही खोक्यात कॅसेटच्या खाली सापडली. मी आजही काही गाणी त्या वहीतल्या चुकीच्या शब्दांनीच गुणगुणते.

मराठी गाण्यांसाठी आपलं पुणे आकाशवाणी. ७९२ किलोहर्ट्झ, काटा तिथून हलवायची गरज नसे. आईला रेडिओ म्हटलं की अजूनही गीतरामायण आठवतं. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे केंद्रावरून पहिलं गीत प्रसारित झालं, त्या वेळी ती चौदा वर्षांची. वर्षभर दर आठवड्याला एक, एकूण ५६ गीतं. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता, समोरच्या घरात होता. ते लोक खिडकी उघडून रेडिओचं तोंड गल्लीकडे करायचे आणि आजीसकट सगळी गल्ली कट्ट्यावर येऊन बसायची. “गाणं संपलं तरी कुणी लगेच उठत नसे,” आई सांगते.

यादी कुठून व्हायची? बरीचशी गणपतीतून. दहा दिवस मंडळांचे कर्णे सकाळी आरतीपासून सुरू व्हायचे. त्यावर वाजलेलं नवं गाणं पहिल्या दिवशी कानावर पडायचं, तिसऱ्या दिवशी ध्रुवपद पाठ, सातव्या दिवशी पुरं. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर कुणाच्या तरी ओळखीच्या गॅलरीत जागा धरून बसायचं. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा असे मानाचे पाच गणपती पुढे गेले, की रात्रभर बाकीच्या मंडळांच्या ढोलांमधून आणि बँडमधून तीच गाणी. पुढच्या आठवड्यात त्या आडगल्लीतल्या दुकानापुढे रांग.

आता कामाचं सांगते.

ताईकडे जुना डबल कॅसेटचा डेक होता. चालू केला तर दिवा लागला, पण चाकं फिरेनात. मागचं झाकण उघडलं तेव्हा कारण दिसलं : मोटर आणि चाकं जोडणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. स्पिरिट आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी तो काळा चिकटा काढायला एक पुरी संध्याकाळ गेली. बोटांचे डाग दोन दिवस गेले नाहीत. मग दोऱ्यानं चाकांचा परीघ मोजून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दोन दुकानदारांनी मान हलवली. तिसऱ्यानं दोरा हातात घेतला, ताणून पाहिला, “चौकोनी की चपटा?” विचारलं आणि मागच्या खणातून एका डब्यातले पट्टे टेबलावर ओतले. आमच्या मापाचा एक निघाला. त्यानं दोन देऊ केले. म्हणाला, “ताई, एक ठेवून द्या. पुढच्या वेळी मी असेन नसेन.” मी दोन्ही घेतले.

डेक फिरू लागला त्या आनंदात मी घाई केली. थेट क्र. १, बाबांची रफींची कॅसेट लावली. एक मिनिटभर गाणं वाजलं, मग सूर जड झाला, मग घरघर, आणि मी बटण दाबेपर्यंत टेप आतल्या रबरी रोलरभोवती गुंडाळली गेली होती. काढताना तुटली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ ९० मीटर टेप असते, रुंदी चार मिलिमीटरही नाही. तिची वेटोळी मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले होते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या हातून झालेली वस्तू माझ्या हातून तुटली होती.

त्यानंतर मात्र महिनाभर एकही कॅसेट वाजवली नाही, आधी शिकून घेतलं. चुका कळल्या त्या अशा. वर्षानुवर्षं न फिरलेली टेप स्वतःलाच चिकटून बसते. म्हणून वाजवण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून मोकळी करायची. यंत्रानं नव्हे, पहिल्यांदा हातानं. त्यासाठी जुन्या काळची षट्‌कोनी पेन्सिल आजही सगळ्यांत चांगली, चाकाच्या दात्यांत बरोबर बसते. डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, आणि रोलर दर दोन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. काडीला विटकरी रंग येतो, तो टेपवरचा लोहाचा थर, म्हणजे गाण्याचाच कण. पुण्याच्या पावसाळ्यात टेपच्या कडेवर पांढरी बुरशी येते. पिशव्यांमुळे आमच्या ४१ पैकी तीनच कॅसेटवर ती होती. त्या मी कोरड्या मऊ ब्रशनं, गॅलरीत बसून, नाकाला रुमाल बांधून साफ केल्या. टेपच्या मागे फेल्टची एक बारीक गादी असते, ती टेपला हेडवर दाबून धरते. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुकून गादी गळून पडते आणि मग आवाज पडद्यामागून आल्यासारखा येतो. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिच्या कवचात आपली टेप बसवायची. निरुपयोगी कॅसेट मी रविवारी जुन्या बाजारातून आणल्या. किलोवर देत होता.

तुटलेली टेप जोडायला साधा सेलोटेप चालत नाही, त्याचा गोंद कडेनं पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला धरतो. त्यासाठी वेगळी चिकटपट्टी मिळते, ती मागवली. दोन्ही टोकं तिरकी कापली, एकमेकांना भिडवली, मागच्या बाजूनं पट्टी लावून नखानं घासली. बाबांची कॅसेट वाजली. जोडाच्या जागी अर्ध्या क्षणाची दरी आहे. एक शब्द पुरा येत नाही.

आणि तरीही काहीतरी चुकत होतं. मला कळत नव्हतं, ताईला पहिल्या ओळीत कळलं. ती लहानपणापासून पेटी वाजवते. संगीताच्या बाईंनी शाळेच्या समूहगीताला तिलाच पेटीवर बसवलेलं. “हे वर वाजतंय गं,” ती म्हणाली. “रफी इतके पातळ नव्हते.” तिनं पेटी काढली, भाता हलवला, सूर शोधला. गाणं पांढरी चारमधलं, आणि डेक ते जवळजवळ काळी तीनला, म्हणजे अर्धा सूर वर, नेऊन पोहोचवत होता. मोटर वेगानं फिरत होती. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू. मी स्क्रू ड्रायव्हरनं केसाएवढा फिरवायचा आणि ताईनं पेटीचा सूर धरून “अजून… अजून… बास, मागे…” सांगायचं. दीड तास आम्ही दोघी त्या एका सुरावर होतो. जुळला तेव्हा ताईनं काही सांगितलं नाही, नुसती पेटीवर गाण्याबरोबर वाजवत सुटली.

पुढचं काम सोपं आणि लांबलचक. डेकच्या मागच्या तारेतून आवाज एका छोट्या यूएसबी साऊंड कार्डात आणि तिथून संगणकात. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेकॉर्ड करायचं. आवाजाचा काटा लाल रंगात जाऊ द्यायचा नाही, कारण टेपवर थोडा जास्त आवाज चालून जातो, संगणकात तो फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. यात घाई करायची सोय नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. ४१ कॅसेट, त्यातल्या बऱ्याच नव्वदच्या, म्हणजे पन्नासच्या वर तास. रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी एक बाजू लावायची असं ठरवलं. चाळीस वर्षांपूर्वी हीच वेळ होती, कणीक मळताना गाणं.

भाच्यानं फाइली ऐकल्या आणि मनापासून मदत करायला बसला. “मावशी, मागची सूं काढून देतो, एका क्लिकचं काम आहे.” त्यानं काढून दाखवली. सूं गेली, पण लताबाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, तबल्याची शाई आणि कडा यांतला फरकच उरला नाही. मी ती फाइल पुसून टाकायला सांगितली. तो मग म्हणाला, “बरं, निदान गाणी तरी सुटी करून देतो. एकेक गाणं वेगळी फाइल, नाव टाकून. शोधायला सोपं.”

यावर आमचं बरंच बोलणं झालं, आणि त्या बोलण्यातच मला कळलं की मी हे सगळं कशासाठी करते आहे.

सुटं गाणं मला कुठंही मिळतं. फोनमध्ये मिळतं, याहून स्वच्छ मिळतं. माझ्याकडे नाहीसं होण्यासारखं आहे ते त्यांचं एकामागून एक येणं. क्र. ९ च्या पहिल्या बाजूला किशोरकुमारच्या एका धांगडधिंगा गाण्यानंतर थेट भीमसेनजींचा अभंग येतो, कारण यादीत एक ओळ माझी आणि एक आईची असा करार होता. त्या अभंगानंतर पॉप गाणारी नाझिया हसन. जगात कुठल्याही कंपनीनं ही तीन गाणी अशी लावली नसती. पण आमच्या घरात ती अशीच वाजली, शेकडो वेळा. आजही रिक्षात किशोरचं ते गाणं लागलं आणि संपलं, की माझा कान टाळांची वाट पाहतो. टाळ येत नाहीत, जाहिरात येते, आणि मला पायरी चुकल्यासारखं होतं. ती यादी हीच आमची वस्तू. त्या वर्षी कुणाला काय आवडत होतं, कुणी कुणासाठी आपलं गाणं मागे घेतलं, परीक्षेच्या आधी बाबांनी कुठलं गाणं नको म्हटलं, ते सगळं त्या क्रमात आहे. गाणी सुटी केली की ते गेलं. आजोबांच्या तबकड्यांची लेबलं गेली तसं.

मी भाच्याला सांगितलं, बाजू तोडायची नाही. एक बाजू, एक फाइल. त्यानं ऐकलं. उलट आणखी एक केलं : प्रत्येक कॅसेटच्या पुठ्ठ्याचा दोन्हीकडून फोटो काढून त्या फाइलसोबत ठेवला. बाबांच्या रेघेसकट.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये एक गोष्ट घडते, ती मला तेव्हाही ऐकू यायची आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. गाणं सुरू होण्याच्या एखाद-दोन सेकंद आधी, शांततेत, तेच गाणं फार दुरून ऐकू येतं. लहानपणी वाटायचं, हे मला एकटीलाच ऐकू येतं. आता कारण समजलं. नव्वदची टेप साठच्या टेपपेक्षा पातळ असते, वेढ्यावर वेढा बसून राहिला की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर अस्पष्ट उमटतं. चाळीस वर्षं दाबून राहिल्यावर ते जास्तच उमटलं आहे. संगणकाच्या पडद्यावर ती लहर डोळ्यांना दिसतेसुद्धा, मोठ्या डोंगराआधीची बारीक टेकडी. ती काढता येते. मी ठेवली आहे.

क्र. २३ वर काहीच लिहिलेलं नव्हतं. लावली तर आधी खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मग हशा, मग बाईंचा स्पष्ट आवाज, “दोन ओळींत उभ्या राहा. उंच मुली मागे.” समूहगीत स्पर्धेच्या तालमीत टू-इन-वन शाळेत नेला होता, त्याच्या आतल्या माइकवर हे टिपलं गेलं. पेटीवर ताई. तिसऱ्या कडव्यात कुणीतरी खोकतं आणि सगळ्या फुटतात, बाई टेबलावर पट्टी आपटतात, पुन्हा पहिल्यापासून. अकरा मिनिटांत आम्ही ते गीत पाच वेळा सुरू केलं आहे आणि एकदाही शेवटपर्यंत नेलेलं नाही. मी ती फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲपवर टाकली. रात्री साडेअकरापर्यंत फोन वाजत होता. खोकणारी कोण यावर तिघींनी हक्क सांगितला. एकजण नाशिकहून, एकजण टोरोंटोहून आणि एक इथलीच, सिंहगड रोडची. बाईंच्या मुलीलाही पाठवली. तिनं चार दिवसांनी एवढंच लिहिलं, “आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता.”

दिवाळीनंतरच्या आठवड्यात शेवटची बाजू झाली. तोपर्यंत आई भाड्याच्या घरात राहायला आली होती, डहाणूकर कॉलनीत. एका संध्याकाळी संगणक तिकडे नेला, छोटे स्पीकर जोडले. ताई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती, आई आतल्या खोलीत पलंगावर पडलेली. मी क्र. १७ ची पहिली बाजू लावली. १९८३ ची, माझ्या दहावीच्या वर्षातली. त्यातली यादी मी आठवायला गेले असते तर दोन-तीन गाण्यांपलीकडे गेले नसते. ताईनं आठवलं नाही काही. पण एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या सूंमध्ये, मेथीवरची नजर न काढता, ती पुढच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायची. आणि मग ते गाणं यायचं. सात वेळा.

आठवं सुमन कल्याणपूरांचं भावगीत. काकांनी उरलेल्या पावणेतीन मिनिटांत बसवलेलं. ताई हलक्या आवाजात बरोबर गात होती. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं, दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ, दुसऱ्या ओळीचे चार शब्द, आणि टेप संपली. ताईही तिथंच, त्याच अक्षरावर थांबली. त्या गाण्याला पुढे आणखी ओळी आहेत. आम्हाला दोघींना त्या येत नाहीत.

स्पीकरमधली सूंही थांबली. आतून आईचा आवाज आला, “उलटी करा गं कॅसेट.”

ताईनं मेथीचे हात झटकले आणि उठायला लागली. “बस तू,” मी म्हणाले आणि दुसऱ्या बाजूची फाइल लावली.